हात गेल्यावर हाती काय?
(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा म्हटला की कापसाचा भाव, कर्ज, वीज, खरेदी केंद्र हे विषय निघतात. ते निघालेच पाहिजेत. आज मला वेगळा विषय दिला आहे. कामावर माणसाचा हात गेला, डोळा गेला, जीव गेला, तर पुढे काय? कायद्याने त्याला काय मिळते? ते कोणी द्यायचे? आणि ते न मिळता दहा-वीस हजारांत प्रकरण मिटते कसे?

कोणी म्हणेल, हा तर कामगारांचा विषय, शेतकऱ्यांच्या मेळाव्यात कशाला? भावांनो, कोरडवाहू माणसाचे वर्ष आठवा. मृगापासून दिवाळीपर्यंत तो आपल्या चार-पाच एकरांत शेतकरी असतो. निंदणीला, वेचणीला, मळणीला बाया-गडी लावतो तेव्हा तो मालक असतो. कापूस घरातून गेला की तोच, नाहीतर त्याचा पोरगा, जिनिंगवर किंवा दुसऱ्याच्या मळणी यंत्रावर मजूर म्हणून उभा असतो. एकाच वर्षात एकच माणूस शेतकरी, मालक आणि मजूर. म्हणून हा कायदा आपल्याला दोन्ही बाजूंनी माहीत हवा. घेणेकरी म्हणून हवा, आणि देणेकरी म्हणूनही हवा.

घात कुठे होतो?

पूर्वी खळ्यावर तिवडा रोवून बैलांची पात फिरायची. वेळ लागायचा, पण बैलाच्या पायाखाली कोणाचा हात तुटत नव्हता. आता मळणी यंत्र आले. आठ दिवसांचे काम दोन तासांत होते. हे चांगलेच झाले, यंत्र नको असे कोणी म्हणत नाही. पण कणसे तोंडातून आत लोटताना ड्रम कणसाबरोबर हातही ओढून घेतो. यंत्र भाड्याचे, मागे दुसरा शेतकरी वाट बघतोय, मळणी रात्री कंदिलाच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या उजेडात चाललेली, घालणारा दिवसभर राबून आलेला, अंगात सैल बाहीचा सदरा, बाई असली तर सुटलेला पदर. अशा वेळी डोळ्याचे पाते लवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मनगट जाते.

ही गोष्ट सरकारला माहीत नाही असे नाही. मळणी यंत्रांसाठी १९८३ साली खास कायदा झाला. त्याचे नावच धोकादायक यंत्रे नियमन कायदा. यंत्राचे घालण्याचे तोंड किती लांब असावे याचे मानक ठरले आहे. ९० सेंटिमीटर लांबीचे तोंड, त्यातले निम्मे, ४५ सेंटिमीटर, वरून झाकलेले. हेतू साधा आहे. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचूच नये. आता घरी गेल्यावर गावात येणाऱ्या यंत्राचे तोंड टेपने मोजा. कित्येक ठिकाणी वरचे झाकण काढून ठेवलेले दिसेल. कारण काय, तर झाकणाने माल लवकर जात नाही.

कडबा कुट्टीचे तेच. जिनिंगमध्ये तर रोलर, पट्टे, शाफ्ट, सरकीचा कन्व्हेयर, प्रेस. त्यात कापसाची धूळ आणि आगीचे भय.

तिसरी जागा फवारणीची. २०१७ साली जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते कोणी विसरलेले नाही. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, पंप पाठीवर, फवारा तोंडावर. शेकडो माणसे विषबाधेने दवाखान्यात गेली. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मेली. सरकारने तपासाला विशेष पथक नेमले आणि मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख रुपये जाहीर केले. मेलेल्यांत पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेलेले मजूर होते. सर्पाने चावले तर त्याला दैव म्हणता येईल. पण रोजाच्या कामात विष अंगात गेले तर ते कामावरचे अपघात आहे. कायदाही तसेच म्हणतो.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांच्या काळात, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. शंभर वर्षे तोच चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि भरपाईचे प्रकरण बहुतेक तसेच त्या संहितेत आले. त्या तारखेच्या आधी झालेल्या अपघाताला जुना कायदा लागतो. वकिलाकडे जाताना अपघाताची तारीख म्हणूनच आधी सांगा.

मूळ तत्त्व एका वाक्याचे आहे. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची.

यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच आपली माणसे मागे फिरतात. मालक म्हणतो, "त्याचेच लक्ष नव्हते, मी काय करू?" गावही म्हणते, "खरेच, त्याचीच चूक." माणूस स्वतःही म्हणतो, "माझेच नशीब." पण नुसता निष्काळजीपणा हे भरपाई नाकारायचे कारणच नाही. मालकाला सुटायचे असेल तर दाखवावे लागते की माणूस दारू प्यालेला होता, किंवा सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम त्याने मुद्दाम मोडला, किंवा सुरक्षेचे झाकण त्याने मुद्दाम काढले. आणि माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर ही सबबसुद्धा चालत नाही. झाकण मालकानेच काढून ठेवले असेल तर बोलायलाच नको.

आता मुख्य शंका. हे शेतमजुराला लागू आहे का? जुन्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची यादी होती. ट्रॅक्टरने किंवा इंजिन-विजेच्या यंत्राने होणारी शेती, यंत्राने कापणी-मळणी, आणि कीटकनाशकांची फवारणी-धुरळणी ही कामे त्या यादीत नाव घेऊन लिहिलेली होती. रोजंदारीचा माणूस म्हणून बाहेर ठेवण्याची जी पळवाट होती ती २००० सालच्या दुरुस्तीने बुजली. "माझ्याकडे तो दोनच दिवस होता" हे उत्तर चालत नाही.

जिनिंगचे एक वेगळेच आहे. कारखान्यातल्या कामगाराला राज्य विमा असतो, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. पण हंगामी कारखाने त्यातून वगळलेले आहेत, आणि कापसाची जिनिंग-प्रेसिंग ही कायद्यातच हंगामी म्हणून लिहिली गेली. म्हणजे आपल्या भागातला सगळ्यात मोठा कारखानदारी रोजगार विम्याच्या बाहेर. विमा नाही, म्हणून तिथल्या माणसाचा सगळा आधार या भरपाईवर. माणूस ठेकेदाराने आणलेला असला तरी मूळ मालकाकडे भरपाई मागता येते. मालकाने आधी द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची. "तो माझा माणूस नाही, मुकादमाला विचारा" हे बोलणे ऐकून घेऊ नका.

हाताचा हिशेब

आता आकडे सांगतो. वही असेल तर लिहून घ्या.

कायद्याने प्रत्येक वयाला एक गुणक दिला आहे. वय ३० ला २०७.९८. वय ४० ला १८४.१७. वय ५० ला १५३.०९. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचे निम्मे घ्यायचे आणि गुणकाने गुणायचे. कायमचा पूर्ण निकामी झाला तर मजुरीचे ६० टक्के घ्यायचे आणि गुणायचे. अंशतः निकामी झाला तर त्या रकमेचे ठरलेले टक्के. एक पूर्ण हात मनगटाशी गेला, किंवा एका हाताची चारही बोटे आणि अंगठा गेला, तर ६० टक्के. नुसती चार बोटे गेली तर ५०. नुसता अंगठा गेला तर ३०. हिशेबात धरायच्या मजुरीला मर्यादा असते. ती जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने महिन्याला १५,००० रुपये केली.

समजा, ३० वर्षांचा गडी आहे. दिवसाला ४०० रुपये रोज, महिन्यात २५ दिवस काम, म्हणजे १०,००० रुपये. त्याचे ६० टक्के ६,०००. गुणिले २०७.९८, झाले १२,४७,८८०. मळणी यंत्रात त्याचा एक हात मनगटापासून गेला. त्याचे ६० टक्के म्हणजे ७,४८,७२८ रुपये. नुसता अंगठा गेला असता तर ३,७४,३६४. तो मेला असता तर घरच्यांना १०,३९,९००. दवाखान्याचा खरा झालेला खर्च वेगळा. २००९ च्या दुरुस्तीने तोही मालकावर आला.

आता आठवा, आपल्या गावात हात गेलेल्या माणसाला काय मिळाले. दवाखान्याचे बिल, वर दहा हजार, आणि "पुढच्या वर्षी कामावर घेऊ" असा शब्द. साडेसात लाखांचा हक्क दहा हजारांत गेला. कापसाला भाव कमी मिळाला तर आपण रस्त्यावर उतरतो. हाताचा भाव कमी मिळाला तर गप्प बसतो.

आणखी एक. टक्क्यांचा तक्ता हा शेवटचा शब्द नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाने सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान शंभर टक्के धरले ते बरोबरच आहे. आता विचार करा, एका हाताने औत धरता येते का? विळा चालतो का? कापसाची गाठ उचलता येते का? हा मुद्दा अर्जात लिहावा लागतो. लिहिला नाही तर कोणी आपणहून देत नाही.

स्टॅम्पावरची सही

अपघातानंतर चार-आठ दिवसांत एक माणूस घरी येतो. बहुधा ओळखीचा, गावातलाच प्रतिष्ठित. सोबत स्टॅम्प पेपर. "कोर्टकचेरीत दहा वर्षे जातील. हे वीस हजार घ्या आणि इथे अंगठा करा. माझी काही तक्रार नाही, एवढेच लिहिले आहे." घरात चूल थंड, दवाखान्याची उधारी, बाई काय करील? ती अंगठा करते.

मायबहिणींनो, हे घरोघर सांगा. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल आहे. सही झाली असली तरी हक्क मेलेला नाही. तडजोड करायचीच असेल तर ती अधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी असेल तर तो ती नाकारू शकतो. आणि मृत्यू झाला असेल तर भरपाई परस्पर घरी आणून देताच येत नाही. ती अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तो वारसांना वाटतो. ही तरतूद विधवेसाठीच आहे. दिराने, सासऱ्याने, मुकादमाने मध्येच पैसे उचलू नयेत म्हणून.

मालकाने वेळेत दिले नाही तर? जुन्या कायद्यात एक महिन्याची मुदत होती. त्यानंतर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज आणि दंड संहितेतही आहेत. दावा दाखल करायची मुदत दोन वर्षे. ही मुदत आपल्याला फार वाटते. पण जखम भरायला सहा महिने जातात, मालकाच्या आश्वासनात वर्ष जाते, आणि मग उरते काय?

पहिल्या आठ दिवसांत काय करायचे?

दावा कोर्टात जिंकला किंवा हरला जातो असे वाटते. खरे तर तो पहिल्या आठ दिवसांत, दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात ठरतो.

एक, दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कशाने झाले? जिनिंगचा माणूस सोबत असेल तर तोच उत्तर देतो, "घरी पडला." तेच कागदावर चढते आणि पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध उभा राहतो. म्हणून घरचा एक माणूस सोबत हवा आणि त्याने स्पष्ट सांगायचे, अमुक ठिकाणी, अमुक यंत्रावर, कामावर असताना.

दोन, पोलिसात नोंद आणि जागेचा पंचनामा. यंत्राचा, त्याच्या तोंडाचा, झाकण होते की नव्हते याचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी झाकण बसलेले असते.

तीन, कामावर होता याचा पुरावा. हजेरीपट असेलच असे नाही. मुकादमाची वही, मागच्या आठवड्याची मजुरी, फोनवर आलेले पैसे, सोबत काम करणाऱ्या दोघांचे जबाब. सोबतचे लोक नंतर घाबरतात, म्हणून लवकर.

चार, विषबाधा असेल तर औषधाची बाटली किंवा डबा फेकू नका. डॉक्टरला दाखवा, मग जपून ठेवा. रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी होत असेल तर ती करून घ्या. तीच उद्या पुरावा.

पाच, मालकाला लेखी नोटीस. तीन ओळी पुरतात, पण पोच घ्या. जखम भरल्यावर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र.

वकिलाला पैसे नाहीत, असे म्हणाल. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. ज्याचा हात गेला तो तिथे हक्काने जाऊ शकतो.

सातबारा असलेला आणि नसलेला

आता शेतकरी स्वतः आपल्याच शेतात जखमी झाला तर? त्याला मालक नाही, तर भरपाई कोण देणार? त्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. आधी ती विम्याची होती. कंपन्या कागद अडवून दावे लटकवायच्या. एप्रिल २०२३ पासून विमा कंपनी काढून टाकली आणि सानुग्रह अनुदान केले. मृत्यू झाला, किंवा दोन अवयव गेले, तर दोन लाख. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख. वय १० ते ७५. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण, मग त्याचे नाव सातबारावर नसले तरी. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का, औषधाची विषबाधा हे सगळे त्यात येते.

पण बघा. एकाच यंत्रावर, एकाच रात्री, दोन माणसे उभी आहेत. एकाच्या नावावर तीन एकर, दुसऱ्याच्या नावावर काही नाही. दोघांचा हात गेला. पहिल्याला सरकारचे एक लाख, दुसऱ्याला या योजनेतून शून्य. यंत्राला सातबारा कळत नाही, तो फक्त सरकारला कळतो. आपण शेतकऱ्यांचे लोक आहोत म्हणूनच हे आपण बोलले पाहिजे. शेतात राबणाऱ्या प्रत्येकाला, सातबारा असो वा नसो, ही योजना लागू करा अशी मागणी या मेळाव्यातून गेली पाहिजे.

आपण मालक असतो तेव्हा

शेवटचा भाग अवघड आहे. इथे बसलेल्यांपैकी कोणी म्हणेल, "माझ्या शेतात मजुराचा हात गेला तर मी साडेसात लाख कुठून आणू? माझी जमीन विकली तरी होणार नाहीत." खरे आहे. कोरडवाहू शेतकरी आणि जिनिंगचा मालक एका तराजूत बसत नाहीत. पण ज्याचा हात गेला त्याचा हात दोन्हीकडे सारखाच गेला. आपल्याला परवडत नाही म्हणून त्याचा हक्क नाही, असे म्हणता येणार नाही. हाच न्याय व्यापारी आपल्याला लावतो तेव्हा आपल्याला तो पटत नाही.

मग वाट काय? विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या मजुरांच्या भरपाईचा विमा देतात. मळणी यंत्रवाल्याला भाडे ठरवतानाच विचारा, "तुझ्या माणसांचा विमा आहे का? झाकण आहे का?" नसेल तर यंत्र खळ्यावर येऊ देऊ नका. यंत्रवाला माणसे आणतो आणि पैसे देतो तोवर मालक तो. पण घालायला आपले गडी उभे केले तर मालक आपण. एकट्याला पॉलिसी जड जात असेल तर गावातल्या दहा-वीस जणांनी मिळून विमा कंपनीशी बोलणी करावी. आणि हप्त्याची ती रक्कम उत्पादन खर्चात मांडा. कापसाच्या, ज्वारीच्या खर्चाचा हिशेब मागताना बियाणे, खत, मजुरी आपण मांडतो, तशी मजुराच्या हाताची जोखीमही मांडा. ती आपल्या खिशातून नाही, मालाच्या भावातून निघाली पाहिजे.

फवारणीला माणूस लावाल तर भर दुपारी आणि वाऱ्याच्या तोंडी लावू नका. हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे, आणि दोन औषधांचे मनाने मिश्रण नाही. याला फार पैसे लागत नाहीत.

भावांनो, मायबहिणींनो, इथून गेल्यावर प्रत्येक गावात दोन कामे करा. गेल्या दोन वर्षांत कामावर कोणाचा हात, बोट, डोळा, जीव गेला त्याची यादी करा. ज्यांची मुदत शिल्लक आहे त्यांचे कागद घेऊन पुढच्या बैठकीला या, दावे एकत्र दाखल करू. आणि या हंगामात गावात येणाऱ्या प्रत्येक मळणी यंत्राचे तोंड मोजा. पंचेचाळीस सेंटिमीटर झाकण नसेल, तर यंत्र सुरू होऊ देऊ नका.